खिडकीचा कागद कुणी तपासला?

प्रश्न : ताई, आर. के. नगरमध्ये घर बांधतोय. पश्चिमेला हॉलची मोठी खिडकी आहे, शेजारी बाल्कनीचं सरकतं दार. दोन दुकानांतून कोटेशन आणलं. एकाने ‘एनर्जी सेव्हिंग सर्टिफाइड, यू-व्हॅल्यू 1.6’ असं प्रमाणपत्र दाखवलं. दुसरा म्हणतो, आमची कंपनी आयएसओ 9001 आहे, आणखी काय पाहिजे? पहिल्याचा दर जवळपास दुप्पट आहे. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेलाही मान्यता लागते असं ऐकलं. ती कोण देतं आणि आम्ही ती बघायची कशी?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी दुसऱ्या दुकानदाराचं बघू, ते लवकर मिटतं. आयएसओ 9001 हे कंपनीच्या कामाच्या पद्धतीचं प्रमाणपत्र. नोंदी ठेवतात का, तक्रार आली तर काय करतात, हे त्यात बघतात. तुमच्या खिडकीतून किती उष्णता आत येईल, हे त्यातून कळत नाही.

पहिल्याचा कागद मात्र शब्दन् शब्द वाचा. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेरच्या तापमानातल्या फरकामुळे खिडकीतून किती उष्णता वाहते तो आकडा, जितका कमी तितका चांगला. मी इथेच फसले आहे. 2016 साली कळंब्याला घर बांधलं तेव्हा असाच 1.6 चा कागद बघून डबल काचेच्या खिडक्या घेतल्या. पहिल्याच मे महिन्यात दुपारी आतून अॅल्युमिनियमच्या चौकटीला हात लावला तर चटका बसला. कागद पुन्हा काढला. आकडा काचेच्या मधल्या भागाचा होता, चौकट त्यात धरलेलीच नव्हती. साध्या अॅल्युमिनियमच्या चौकटीने खिडकीचा पाचवा हिस्सा व्यापला तरी अख्ख्या खिडकीचा आकडा सहज अडीचच्या वर जातो. फौंड्रीच्या गुणवत्ता विभागात इतकी वर्षं काढून मी तो कागद घाईत वाचला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आता मान्यतेचं. भारतीय गुणवत्ता परिषदेची दोन मंडळं तुमच्या कामाची आहेत. एनएबीएल प्रयोगशाळांना मान्यता देतं, एनएबीसीबी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना. प्रयोगशाळेला आयएसओ/आयईसी 17025 हे मानक लागू, उत्पादनाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला 17065. या 17065 मधल्या दोन अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. जी संस्था खिडकीला प्रमाणपत्र देते तिने तशा खिडक्या बनवायच्या नाहीत, विकायच्या नाहीत, बनवणाऱ्याला सल्लाही द्यायचा नाही. आणि ज्याने तपासणी केली त्यानेच प्रमाणपत्राचा निर्णय घ्यायचा नाही.

मान्यता देताना नुसती फाइल बघत नाहीत. गोकुळ शिरगावच्या आमच्या फौंड्रीतल्या प्रयोगशाळेला एनएबीएलची मान्यता घेतली तेव्हा असेसर, म्हणजे मंडळाचे परीक्षक, सकाळी आले आणि थेट मशिनपाशी गेले. आमच्या पोराला म्हणाले, तू नेहमी करतोस तशी टेस्ट कर, मी बघतो. मग खोलीच्या तापमानाची वही मागितली, मशिनच्या कॅलिब्रेशनचा दाखला मागितला, दाखला देणाऱ्या प्रयोगशाळेची मान्यता कुठपर्यंत वैध आहे तेही बघितलं. शेवटी आम्हाला ताणपरीक्षेची मान्यता मिळाली, कठीणपणाच्या चाचणीची नाही. त्यामुळे त्या दुसऱ्या रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह लावता येत नव्हतं. मान्यता नेमक्या कुठल्या चाचण्यांपुरती आहे, याला ‘स्कोप’ म्हणतात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या बाबतीतही असेसर सोबत जाऊन तिचा माणूस कारखान्यात तपासणी कशी करतो ते बघतात.

म्हणून दुकानदाराला विचारा : चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत झाली, आणि तिच्या स्कोपमध्ये खिडकीची उष्णतेची चाचणी आहे का? एनएबीएलच्या संकेतस्थळावर प्रयोगशाळेचं नाव टाकलं की स्कोपचा कागद उघडतो. काँक्रीटचे क्यूब तपासायची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेने खिडकीचा आकडा दिला, तर त्या आकड्यामागे कुणी उभं नाही.

फ्रीजवर असतात तसे सक्तीचे तारे आपल्याकडे खिडकीवर नाहीत. पण व्यापारी इमारतींसाठीच्या 2017 च्या ऊर्जा संवर्धन संहितेत साफ लिहिलं आहे की यू-व्हॅल्यू चौकट आणि शटरसकट अख्ख्या खिडकीची काढायची, तीही मान्यताप्राप्त स्वतंत्र प्रयोगशाळेकडून. घराला ती संहिता लागू नसली तरी दुकानदाराकडे तेवढंच मागायला काय हरकत आहे?

कागद अमेरिकेतल्या एनएफआरसीचा निघाला तर एकक बघा, तिथे यू-व्हॅल्यूचं एकक वेगळं असतं. 1989 साली स्थापन झालेली ही संस्था दारं-खिडक्यांचं मूल्यांकन चालवते. आकडे काढणाऱ्या प्रयोगशाळा वेगळ्या, कारखाना तपासणाऱ्या संस्था वेगळ्या. त्यांच्या लेबलवरचा 0.30 म्हणजे आपल्या एककात साधारण 1.7. तो आकडा 1.6 च्या शेजारी ठेवून ‘पाचपट चांगली’ म्हणून कुणी विकत असेल तर तिथून उठा.

पण तुमच्यासाठी यू-व्हॅल्यूपेक्षा एसएचजीसी मोठा, म्हणजे पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते तो आकडा. समजा खिडकी 5 बाय 4 फुटांची आहे आणि एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या उन्हाची उष्णता चौरस मीटरला 600 वॅट आहे. साध्या काचेचा एसएचजीसी 0.8 धरला तर जवळपास 900 वॅट आत येतात, बंद न केलेल्या इस्त्रीएवढे. 0.3 ची खिडकी असेल तर 335. आत-बाहेर 8 अंशांचा फरक असताना यू-व्हॅल्यू 5.8 वरून 1.6 वर आणली तर वाचतात फक्त 62 वॅट. कोल्हापूरच्या हवेत जास्तीचे पैसे कुठल्या आकड्याला द्यायचे, ते यावरून ठरवा. तुम्हाला दाखवलेल्या प्रमाणपत्रावर एसएचजीसी आहे का, हे पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर दुप्पट दर देऊ नका.

बाल्कनीच्या सरकत्या काचेच्या दारालाही हेच सगळं लागू. त्याचा कागद वेगळा मागा, खिडकीचा दाखवला तर घेऊ नका.

आणि लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई, भरलं नसेल तर मिस्त्रीला आजच थांबवा. मावळतीचं ऊन तिरकं येतं, नुसत्या छज्जाने अडत नाही. खिडकीच्या दोन्ही बाजूंना उभ्या फिन, म्हणजे बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या, काढायची सोय आत्ताच करून घ्या, बाहेरून वाळ्याचा पडदा सोडायला वर हूकही ठेवा. माझ्या घरी हे राहिलं. दर मार्चमध्ये भिंतीला ड्रिल मारून पडदा बांधावा लागतो.