आधी फोन कोण उचलतं ते बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा थोडी धास्ती वाटली. बायकांवर होणारी हिंसा हा आपलाही विषय आहे असं मानून पंचविशीतला मुलगा चार मित्र गोळा करतो, पैसे उभे करतो, याचा आनंद. धास्ती वाटली ती चौथ्या परिच्छेदाची. नवं अ‍ॅप, नवं नाव, नवा लोगो आणि 'चोवीस तास हेल्पलाइन'.

चोवीस तास म्हणजे किती माणसं, याचा हिशेब केलास का? वर्षाचे तास होतात ८७६०. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण, प्रशिक्षण हे सगळं वजा केलं की एक माणूस वर्षाला जेमतेम सतराशे-अठराशे तास काम करतो. म्हणजे एका वेळी फोनवर एकच जण बसवायचा म्हटलं तरी पगारी पाच माणसं लागतात. आणि त्या एकीच्या कानाशी कुणी रडत असताना दुसरा फोन वाजला तर?

म्हणून माझा पहिला सल्ला तुला आवडणार नाही. नवं काही काढू नकोस. तुझ्या भागात हे काम आधीपासून कोण करतंय ते शोध आणि ते बंद पडणार नाही एवढं बघ.

शोधायचं कसं, तर फोन करून. मी या कामात आले तेव्हा माझ्या हातात मदत करणाऱ्या संस्थांची टाइप केलेली एक छान यादी ठेवली होती. एका संध्याकाळी सहज म्हणून मी त्यातला एकेक नंबर फिरवला. निम्मे वाजत राहिले, काही बंद होते. एक नंबर लागला तो एका अगदी अनोळखी गृहस्थांच्या घरी. ते शांतपणे म्हणाले, "तीन वर्षं झाली, अधूनमधून बायकांचे फोन येतात. मी दुसरा नंबर लिहून ठेवलाय, तो देतो." त्या यादीत खरी सेवा देणारा तो एकच माणूस असावा, असं मला आजही वाटतं! तर आठवडाभर हे कर. वेगवेगळ्या वेळी, रात्रीही. कोण उचलतं, कसं बोलतं, कुठल्या वेळी कुणीच उचलत नाही, ते वहीत लिही. मात्र लाइन अडवून ठेवू नकोस. खरं कारण सांग आणि एका मिनिटात फोन ठेव.

जवळचीच सेवा का, हेही लक्षात घे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली वेगवेगळ्या देशांची आकडेवारी एकत्र मांडली होती. हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ४० टक्क्यांहून कमी जणी कुणाकडे तरी मदत मागतात. मागणाऱ्यांतही पोलिसांकडे जाणाऱ्या १० टक्क्यांहून कमी. बाकीच्या मैत्रिणीला सांगतात, बहिणीला सांगतात, शेजारणीला सांगतात. मग त्या मैत्रिणीला काय माहीत आहे, यावर सगळं येऊन ठेपतं. दूरच्या शहरातल्या भव्य केंद्राचा तिला उपयोग नसतो. 'अमक्या गल्लीत जा, त्या ताई ऐकून घेतात' एवढं तिला ठाऊक असलं तर पुढचं दार उघडतं.

ऐकून घेणं हे वाटतं तितकं सोपं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्यसेवकांसाठी प्राथमिक आधाराचा जो क्रम सांगितला आहे, त्यात पहिलं काम ऐकण्याचं आहे. मग तिला आत्ता काय हवंय ते विचारायचं, तिच्या बोलण्यावर आपला विश्वास आहे हे तिला कळू द्यायचं, तिची सुरक्षितता कशी वाढेल ते पाहायचं आणि पुढची मदत जोडून द्यायची. 'तू काय केलंस म्हणून त्याने मारलं?' हा प्रश्न यात कुठेच बसत नाही. 'सोडून का देत नाहीस?' हाही नाही. दुसरा प्रश्न चांगली माणसं विचारतात, म्हणून तो जास्त लागतो. शिवाय सोडण्याचा काळ हा बऱ्याचदा सगळ्यात धोक्याचा असतो. हातातून सुटतेय असं दिसलं की मारणारा चवताळतो. कधी निघायचं, कसं निघायचं, हे तिनेच ठरवायचं. आपण त्यासाठीचा सुरक्षा आराखडा तिच्यासोबत बसून करायचा. कागदपत्रं कुठे, किल्ली कुठे, मुलं शाळेत असताना की रात्री, कुणाच्या फोनवरून.

माझी एक चूक सांगते. पहिल्याच वर्षी मी एका बाईंना आमच्या केंद्राचं पत्रक दिलं. रंगीत, मोठ्या अक्षरांतलं, आम्हाला फार अभिमान होता त्याचा. ते तिच्या पर्समध्ये नवऱ्याला सापडलं. पुढचे तीन आठवडे ती आली नाही. ते तीन आठवडे माझे कसे गेले ते लिहीत नाही. ती आली तेव्हा तिनेच मला सांगितलं, "ताई, नंबर पाठ करून घ्या. कागद नको." तेव्हापासून मी हातात काही देण्याआधी विचारते, हे घरी नेणं चालेल का? फोनवर पहिलं वाक्य हेच, की आत्ता बोलणं सुरक्षित आहे का. तो मध्येच आला तर कुठला शब्द बोलून फोन ठेवायचा, हेही आधी ठरवायचं. तुझ्या त्या अ‍ॅपचं चिन्ह तिच्या मोबाइलच्या पडद्यावर दिसणार आहे आणि तो मोबाइल रोज कुणीतरी तपासतं, हे डोळ्यांसमोर आण.

रुग्णालयाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण स्थानिक सेवांत हा दुवा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो. बलात्कारानंतर एचआयव्हीची लागण टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं. तातडीचं गर्भनिरोधक पाच दिवसांपर्यंत घेता येतं, तेही जितकं लवकर तितकं प्रभावी. आता कल्पना कर, ती आधी एका कार्यालयात गेली, तिथून दुसरीकडे पाठवली, तिसरीकडे 'साहेब सोमवारी येतील' म्हणाले. तास निघून गेले. मलेशियाने १९९०च्या दशकात यावर साधा उपाय केला. क्वालालंपूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात, तातडीच्या विभागातच, तपासणी, समुपदेशन आणि पोलिसांशी गाठ हे सगळं एका छताखाली आणलं. बाईने फिरायचं नाही, सेवा तिच्याकडे येतील. पुढे ही पद्धत अनेक देशांनी उचलली. पण एका छताखाली नुसत्या खुर्च्या मांडल्या आणि त्यांवर माणसंच नसली, तर तेही एक आणखी दारच. तुझ्या भागातल्या रुग्णालयात रात्री दोन वाजता ती औषधं कुलपात असतात का आणि किल्ली कुणाकडे असते, हा प्रश्न विचारणं हीसुद्धा मदत आहे.

आणि गळा. जोडीदाराने गळा आवळला होता असं कुणी सांगितलं तर 'आता बरी आहे ना' म्हणून सोडून द्यायचं नाही. अंगावर खूण दिसेलच असं नाही. अमेरिकेतल्या २००८ सालच्या एका अभ्यासात असं दिसलं, की आधी गळा आवळला गेलेल्या बाईचा पुढे त्याच जोडीदाराकडून खून होण्याची शक्यता सुमारे सात पटींनी जास्त असते. नर्स, शिपाई, समुपदेशक यांना हे एक वाक्य माहीत असलं तरी खूप फरक पडतो. त्या प्रशिक्षणाचा एक दिवस तुमच्या पैशात सहज होईल.

आता पैशांबद्दल. १९७१ साली लंडनच्या चिझिक भागात बायकांना एकत्र येण्यासाठी म्हणून एक पडकं घर मिळालं होतं. मार खाऊन आलेल्या बायका मुलांना घेऊन तिथेच राहू लागल्या. जगातल्या पहिल्या आधुनिक निवारागृहांपैकी ते एक. योजना आखून ते उभं राहिलं नव्हतं. दार उघडं होतं, म्हणून उभं राहिलं. आज युरोपमध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे निवारागृहात एका कुटुंबाची जागा असावी असं मानक धरतात. आपापल्या गावाची लोकसंख्या घे, दहा हजारांनी भाग आणि तेवढ्या खोल्या आहेत का बघ. बहुतेक ठिकाणी उत्तर ऐकून माणूस गप्प होतो.

देणगीदारांना खोल्यांचं भाडं द्यायला आवडत नाही. उद्घाटन आवडतं. वीजबिल, समुपदेशकाचा पगार, रात्रपाळीला घरी सोडणारी गाडी, फुटलेला नळ, यांच्यावर कुणाचं नाव कोरता येत नाही ना! तुम्ही सगळे हेच द्या. आणि एका वर्षासाठी देऊ नका. छोटी रक्कम द्या, पण तीन वर्षं द्या. जी बाई दोनदा परत घरी गेली आणि तिसऱ्यांदा आली, तिला दारात तीच ओळखीची ताई दिसायला हवी. दर वर्षी करार संपतो म्हणून माणसं बदलली, की तिला सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. काही जणी मग सांगतच नाहीत.

बदल्यात फोटो मागू नकोस. निवारागृहाचा पत्ता गुप्त असतो. मागे दिसणारी खिडकी, शाळेचा गणवेश, अंगणातलं झाड एवढ्यावरूनही माग काढणारे असतात. 'चेहरा धूसर करू' हे उत्तर मला देऊ नकोस, मी ते फार ऐकलंय.

अहवालात 'किती केसेस मिटल्या' असा रकानाही ठेवू नकोस. मिटवली म्हणजे नेमकं काय केलं? समोरासमोर बसवून समेट घडवला, तिला त्याच घरी पाठवलं, कागदावर एक केस कमी झाली. ज्या खोलीत एक जण दुसऱ्याला घाबरतो तिथे तडजोड बरोबरीची कशी होईल? बायकांवरची हिंसा रोखण्यासाठी युरोपातल्या देशांनी केलेल्या २०११च्या इस्तंबूल कराराने सक्तीच्या मध्यस्थीला मनाई केली आहे ती याच कारणाने. आकडा हवाच असेल तर फोन किती वेळात उचलला गेला तो विचार. परत आलेल्या बायका किती, हेही विचार, आणि तो आकडा वाढला तर नाक मुरडू नकोस. परत येते म्हणजे तिला ती जागा भरवशाची वाटते.

एक गोष्ट तू विचारलीच नाहीस, पण सांगते. सेवा एकमेकींशी बोलत नाहीत, हे मोठं दुखणं आहे. अमेरिकेतल्या डुलूथ या लहान शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कार्यकर्त्यांनी पोलीस, न्यायालय, समुपदेशक या सगळ्यांना एका पद्धतीने काम करायला लावलं. कोणत्या तक्रारीवर कुणी काय करायचं, कोणता कागद पुढे कुणाकडे जायचा, हे लिहून काढलं. कंटाळवाणं काम. पण बाई हरवते ती दोन कार्यालयांच्या मधल्या जागेत. तुझ्यासारखा टापटीप माणूस महिन्यातून एकदा सगळ्यांची बैठक बोलावून, चहा सांगून, मागच्या वेळचं काय झालं एवढं विचारत राहिला, तर ती मधली जागा थोडी तरी बुजेल. मात्र त्या बैठकीत कुणा बाईचं नाव उच्चारायचं नाही, तिची परवानगी असल्याशिवाय.

प्रतिबंधाबद्दल तू बरंच लिहिलंयस, पोस्टर, पथनाट्य, मेणबत्त्या. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस बायकांवरच्या हिंसेविरोधात जगभर पाळतात, चांगलंच आहे. पण ११ डिसेंबरलाही फोन वाजतो. युगांडातल्या कंपालामध्ये 'सासा!' नावाचा उपक्रम झाला. स्वाहिलीत सासा म्हणजे 'आत्ता'. तिथल्या वस्त्यांतल्याच साध्या बायका-पुरुषांना तयार केलं आणि ते जवळपास तीन वर्षं शेजाऱ्यांशी, मित्रांशी बोलत राहिले. सत्ता कुणाच्या हातात असते, ती कशी वापरतो, यावर. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिथे उपक्रम नव्हता त्या वस्त्यांच्या तुलनेत या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक हिंसा ५२ टक्क्यांनी कमी आढळली. तीन वर्षांचं बोलणं. मोर्चा एका दिवसाचा.

आणि बोलायला लागलात की मदत मागणाऱ्या वाढतील. शाळेत कार्यक्रम केलात आणि संध्याकाळी एक मुलगी येऊन काही सांगू लागली, तर तिला कुठे न्यायचं हे सकाळीच ठरलेलं असू दे. नसेल ठरलं तर कार्यक्रम पुढे ढकल.

'मी पुरुष, माझं यात काम काय,' असं तू विचारलंस. समुपदेशनाच्या खोलीत तुझं काम नाही, निदान आत्ता नाही. हिशेब ठेव, गाडी चालव, भाड्याच्या करारासाठी घरमालकाशी बोल. आणि तुझ्या त्या क्रिकेटच्या गटात बायकोच्या मुस्काटात मारल्याचं हसत सांगणारा जो एक आहे, ज्याचा उल्लेख तू ओझरता केलास, त्याच्याशी बोल. चारचौघांत नको. तो घरी जाऊन तिच्यावर राग काढील. एकटा गाठ, आणि त्याच्या घरातून काही कळलं असं चुकूनही म्हणू नकोस.

मदत मागायला फक्त लग्न झालेल्या बायकाच येतात असं धरू नकोस. तृतीयपंथी येतात, चालताना त्रास होणाऱ्या आजी येतात, क्वचित तुझ्या वयाचा मुलगाही येतो. त्यांना कोण आत घेतं, तेही त्या वहीत लिही.

फोन करून झाले की वही घेऊन ये. मी शनिवारी दुपारी असते. अ‍ॅपवाल्या मित्रालाही आण. पाळ्यांचं वेळापत्रक नीट बसवून देणारा माणूस आमच्याकडे गेली दोन वर्षं नाही.

तुझी
ताई