रुजू होण्याआधी हे वाच

अनेक उत्तम आशीर्वाद.

सरकारच्या शिक्षकभरतीच्या 'पवित्र' पोर्टलच्या यादीत तुझं नाव लागलं, संस्थेची मुलाखतही पार पडली आणि सोमवारी तू माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर, रुजू होणार, हे ऐकून फार आनंद झाला. फोनवर तू विचारलंस, "सर, पहिल्याच दिवशी रजेचं, पगाराचं विचारलं तर वाईट दिसेल का?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वाईट मुळीच दिसत नाही. शिक्षकाने पैशाबद्दल आणि हक्कांबद्दल बोलू नये हा समज आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याचा फायदा शिक्षकाला झालेला मी कधी पाहिला नाही.

आधी नेमणुकीचा आदेश. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्रात १९७७ चा अधिनियम आहे आणि त्याखाली १९८१ ची नियमावली. स्टाफरूममध्ये तिला सगळे 'एमईपीएस' म्हणतात. तुझा आदेश या नियमावलीतल्या अनुसूची 'ड' च्या नमुन्यात हवा. पदाचं नाव, नेमणुकीची तारीख, किती मुदतीसाठी, मानधन किती, हे त्यात स्पष्ट असलं पाहिजे. आदेश हातात पडल्याशिवाय हजेरीपत्रकावर सही सुरू करू नकोस. "दोन दिवसांत टाईप करून देतो" असं गोड बोलून कुणी सांगितलं, तरी हसून म्हणायचं, "मग मी दोन दिवसांनी रुजू होते." जो दिवस आदेशात आहे तोच तुझ्या सेवेचा पहिला दिवस. पुढे सेवाज्येष्ठता त्यावरूनच ठरणार.

आता सर्वांत महत्त्वाचं. रुजू होताना कागदांचा एक गठ्ठा समोर येतो आणि क्लार्क बोटाने दाखवत जातो, इथे सही, इथे सही. प्रत्येक कागद उलटून बघ. कोरा कागद, कोरा स्टॅम्प पेपर किंवा तारखेची जागा मोकळी ठेवलेला राजीनामा यांवर सही करायची नाही, म्हणजे नाही. माझ्या एका सहकाऱ्याकडून एका संस्थेने रुजू होतानाच असा राजीनामा लिहून घेतला होता. काही वर्षांनी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी त्याचं बिनसलं, तेव्हा तो कागद तारीख घालून बाहेर आला. कायदा करणाऱ्यांना ही चाल चांगली ठाऊक होती. अधिनियमाच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची रीतच बांधून दिली आहे: दोन प्रती काढायच्या, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक रजिस्टर पोस्टाने व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. संस्थेकडे रजिस्टर पोस्टाचं पाकीट कुठून येणार? त्याची बाजू तिथेच भक्कम झाली. पण त्यासाठी त्याला कोर्टकचेरीत जे सोसावं लागलं, ते तुझ्या वाट्याला यायला नको.

मानधन तुला दरमहा १८,००० मिळेल. जानेवारी २०२३ च्या आधी माध्यमिकच्या शिक्षण सेवकाला ८,००० मिळत. बी.एड. झालेल्या माणसाला आठ हजारांत घर चालवायला लावणं ही सरकारची लाजिरवाणी गोष्ट होती, आणि आजचे अठराही पुरेसे आहेत असं मी म्हणणार नाही. तीन वर्षं समाधानकारक सेवा झाली की कायद्याने तू शिक्षक म्हणून कायम झालीस असं मानलं जातं आणि वेतनश्रेणी लागते, सातव्या वेतन आयोगातली एस-१४, मूळ वेतन ३८,६०० पासून. अठरा हजारांवरून अडतीस हजार सहाशे आणि वर महागाई भत्ता, म्हणजे फाईल जितके महिने पडून राहील तितके महिने घरात ओढाताण. म्हणून तीन वर्षं पूर्ण होण्याच्या दोनेक महिने आधीच मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दे.

त्याआधीची पायरी म्हणजे वैयक्तिक मान्यता. संस्थेने तुझा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्याकडे पाठवायचा, मान्यता आली की शालार्थ आयडी, म्हणजे पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतला तुझा क्रमांक, मिळतो आणि शिक्षण खात्याच्या वेतन पथकाकडून मानधन थेट तुझ्या खात्यात जमा होतं. उशीर बहुतेक इथेच होतो. प्रस्ताव कधी गेला, त्याचा जावक क्रमांक काय, हे विचारून वहीत टिपून ठेव. आणि खात्यात आलेल्या मानधनातून कुणी काही रोख परत मागितलं, तर ते देणं लागत नाही.

शाळेला दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती काढ. एक कार्यालयात द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. "मॅडम, आपल्या घरातल्यासारखं आहे, पोच कशाला?" असं ऐकायला मिळेल. तरी घ्यायची. क्लार्कशी वाद घालायचा नाही, आवाज चढवायचा नाही, फक्त कागद पुढे धरून उभं राहायचं.

रजेचं. नियमित शिक्षकाला वर्षाला १२ किरकोळ रजा मिळतात. अर्धवेतनी रजा पूर्ण झालेल्या सेवेच्या दर वर्षाला २० दिवस. आजारपणात डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर ती परिवर्तित करता येते, म्हणजे पगार पूर्ण मिळतो आणि खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. मे महिन्याची सुट्टी मिळते म्हणून आपल्याला अर्जित रजा इतर कर्मचाऱ्यांसारखी नसते, पण सुट्टीत लेखी आदेशाने कामावर बोलावलं तर त्या प्रमाणात ती जमा होते. तो आदेश आणि काम केल्याचं प्रमाणपत्र दोन्ही जपून ठेव. शिक्षण सेवकाच्या काळात कोणती रजा किती हे आदेशातल्या अटींत असतं, ते बारकाईने वाच. मुलीबाळींचा प्रश्न म्हणून स्पष्ट लिहितो: राज्याच्या नियमांत प्रसूती रजा १८० दिवसांची आहे. "अजून कायम नाहीस, आत्ता रजा घेतलीस तर नोकरीचं बघावं लागेल" असं बाळंतपणाच्या तोंडावर सांगणारे लोक आहेत. घाबरू नकोस. तोंडी बोलणं सोड आणि लेखी अर्ज कर. नकार द्यायचाच असेल तर त्यांनाही कारणासह लेखी देऊ दे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या एका महिला डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं, की मुदत संपली तरी प्रसूतीचे लाभ थांबवता येत नाहीत.

अशैक्षणिक कामांची तक्रार तू आतापासूनच ऐकत असशील. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच कामं मोकळी ठेवली आहेत. मतदारयाद्यांचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे. एकटीने भांडायला मात्र जाऊ नकोस. तालुक्यातल्या शिक्षक संघटनेची सभासद हो, वर्गणी भर, बैठकींना जा.

कायम झाल्यावर सेवापुस्तक सुरू होईल. वर्षातून एकदा ते मागून घे आणि स्वतः वाच. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकात आणि अक्षरात एकच आहे का, वेतनवाढीची नोंद आणि खाली सही आहे का, मागच्या रजेच्या हिशेबात तू न घेतलेली रजा लिहिलेली नाही ना, वारसाचं नाव लग्नानंतर बदललं का. निवृत्तीच्या वर्षी अशी एक चूक दुरुस्त करायला माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी किती हेलपाटे घालतात ते मी पाहिलं आहे.

गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा मारला तर तो तुला लेखी कळवायला हवा. तीन वर्षांच्या काळात काम असमाधानकारक आहे म्हणून कमी करायचं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. आणि सेवा संपवल्याचा आदेश हातात आला, तर शाळा न्यायाधिकरणात अपील करायला ३० दिवस असतात. संस्थाचालकांची मनधरणी, ओळखीच्या पुढाऱ्याचा फोन, "थांबा, बघतो" या सगळ्यांत हेच तीस दिवस निघून जातात. मनधरणी करायची तर कर, पण वकिलाकडे पहिल्याच आठवड्यात जा.

तुझी ती मैत्रीण, विनाअनुदानित इंग्रजी शाळेतली, तिलाही हे पत्र दाखव. तिला वाटतं की अनुदान नाही म्हणजे कायदा नाही. तसं नाही. १९७७ चा अधिनियम मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळांनाही लागू आहे, न्यायाधिकरणाचं दार तिलाही उघडं आहे. शिवाय ग्रॅच्युइटी. शिक्षक ग्रॅच्युइटीच्या कायद्यात बसतच नाहीत असं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं. मग संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती केली, ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू धरली, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पाच वर्षं सलग सेवा झाली असेल तर शाळा सोडताना दर वर्षामागे पंधरा दिवसांचं वेतन तिला मिळायला हवं. सेवा सलग दिसू नये म्हणून दर उन्हाळ्यात एप्रिलअखेर कार्यमुक्त करून जूनमध्ये नवा आदेश देतात का, हे तिला विचार. तसं असेल तर सगळे आदेश घेऊन दोघी माझ्याकडे या.

सोमवारी आदेश मिळाला की त्याचा फोटो काढून लगेच मला पाठव. पद मंजूर आहे असा उल्लेख त्यात आहे का आणि मुदतीची तारीख बरोबर पडली आहे का, तेवढं मी बघून सांगतो. मग सही कर.

तुझा,
सर