निन्टेंडो डीएसवरचा 'एट्रियन ओडिसी' आज खेळण्यासारखा आहे का? त्याच्या जमेच्या आणि उण्या बाजू कोणत्या?

आहे. मात्र नकाशा काढायचा कंटाळा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. या गेमचे गुण आणि दोष, दोन्ही बहुतेक त्या नकाशातूनच निघतात. मालिकेचे पुढे बरेच भाग आले. मी इथे पहिल्याबद्दल लिहितोय.

अ‍ॅटलस या जपानी गेम कंपनीने तो 2007 साली काढला. एट्रिया नावाचं गाव, त्याच्याखाली खोल उतरत जाणारं जंगलाचं भुयार, आणि आपण पाच जणांची टोळी बांधून एकेक मजला खाली जायचं. डीएसच्या दोन स्क्रीनपैकी वरच्या स्क्रीनवर समोरचं दृश्य, खालच्या टच स्क्रीनवर चौकटींचा कोरा कागद. भिंत दिसली की स्टायलसने रेघ ओढायची, दार, जिना, पेटी यांची चिन्हं उचलून जागेवर ठेवायची, कुठे काही खटकलं तर तिथे टीप लिहून ठेवायची. 1981 साली 'विझर्ड्री' हा संगणकावरचा भुयारी गेम आला तेव्हा लोक हेच काम ग्राफ पेपरवर पेन्सिलीने करायचे. इथे गावच्या कारभाऱ्यांकडून मिळणारी पहिली कामगिरीच मुळी पहिल्या मजल्याचा थोडा नकाशा काढून दाखवण्याची असते. ती पार पडेपर्यंत गेम तुम्हाला आवडणार की नाही ते कळतंच.

नकाशाला खरा अर्थ येतो तो एफओईंमुळे. हे म्हणजे मजल्यावर उघड फिरणारे दांडगे राक्षस. ते नकाशावर गोळ्यांच्या रूपात दिसतात आणि आपण एक पाऊल टाकलं की तेही एक पाऊल टाकतात. काही ठरलेल्या वाटेने येरझाऱ्या घालतात, काही आपल्याला पाहिलं की मागे लागतात. सुरुवातीला त्यांच्याशी लढणं म्हणजे हकनाक मरणं, त्यामुळे त्यांची वाट ओळखून कडेने सटकायचं. गंमत अशी की साध्या शत्रूशी लढाई चालू असतानाही त्यांची पावलं थांबत नाहीत. एका फेरीला एक चौकट. अरुंद बोळात दोन फडतूस प्राण्यांशी झटापट चाललीय, तुमच्या अल्केमिस्टची, म्हणजे टोळीतल्या जादूगाराची, ताकद संपलीय, आणि खाली नकाशावर तो गोळा एकेक घर पुढे सरकतोय. तो पोचला की सरळ चालू लढाईत घुसतो. अशा वेळी आधी काढून ठेवलेली एक बाजूची खोली जीव वाचवते. नकाशाचा इतका थेट उपयोग मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पाहिला नाही.

दुसरी जमेची बाजू संगीत. 'स्ट्रीट्स ऑफ रेज' या गेमचे संगीतकार युझो कोशिरो यांनी ते पीसी-88 या जुन्या जपानी संगणकाच्या आवाजात रचलंय. पहिल्या जंगलातली धून तासन्‌तास कानावर पडूनही नकोशी होत नाही, आणि या गेममध्ये ती तासन्‌तास पडतेच.

आता उणिवा. पहिले काही मजले भयंकर निर्दय आहेत. वरच्याच मजल्यांवरची विषारी फुलपाखरं नवख्या टोळीला दोन-तीन फेऱ्यांत झोपवतात. सेव्ह करायला गावातल्या धर्मशाळेत परत यावं लागतं, तेव्हा खाली मेलात तर मधली सगळी कमाई गेली. मेल्यावर नकाशा तेवढा राखून ठेवू देतात, हा त्यांचा मोठेपणा! शत्रू मारून पैसे मिळत नाहीत. त्यांची शिंगं, कातडी दुकानात विकायची, आणि त्यातूनच नवी शस्त्रं विक्रीला येतात. कल्पना छान आहे, पण एखाद्या तलवारीसाठी एकाच जातीचे प्राणी मारत फिरण्याची वेळ वारंवार येते.

याहून मोठी तक्रार कौशल्यांबद्दल. लेव्हल वाढली की एक गुण मिळतो आणि तो कुठे घालायचा ते आपण ठरवायचं. मात्र गुण घातल्यावर नेमकं किती वाढतं हे गेम धड सांगत नाही. चुकलं तर परत वाटप करता येतं, पण त्यासाठी लेव्हल गमवाव्या लागतात. त्यात तोलही बिघडलेला. मेडिकचं, म्हणजे टोळीतल्या वैद्याचं, इम्युनाइझ हे कौशल्य पुरेसं वाढवलं की शत्रूचा मार इतका बोथट होतो की पुढच्या अर्ध्या लढायांतली धास्तीच जाते. ते न घेता खेळलात तर काही बॉस उगाच छळतात. मधला मार्ग नाही.

कथा जवळजवळ नाहीच. टोळीतली माणसं तोंड उघडत नाहीत, त्यांची नावं आपणच ठेवायची. बरेच जण हा दोष मानतात, मला मात्र ते सोयीचं वाटतं. कुणी भाषण ठोकत नाही, मजला समोर असतो. शिवाय पाचव्या थरात (काही मजल्यांचा मिळून एक थर) पोचल्यावर जे दिसतं त्याला कथा म्हणावीच लागेल. त्याबद्दल आधी कुठे वाचू नका.

आज नव्याने घेणार असाल तर 2023 साली निन्टेंडोच्याच स्विचवर आणि पीसीवर पहिल्या तिन्ही भागांची सुधारित आवृत्ती आलीय. काठिण्य कमी करता येतं, नकाशाही बराचसा आपोआप काढून घेता येतो. पहिली सोय खुशाल वापरा. दुसरी चालू केलीत तर गेममध्ये उरतं काय? एक अडचण मात्र आहे: एकाच स्क्रीनवर दृश्य आणि नकाशा शेजारी दाटीवाटीने बसवलेत, डीएसचा ऐसपैसपणा तिथे नाही. बोटाने किंवा स्टायलसने रेघा ओढायच्या तर स्विच हातात धरूनच खेळा.

सुरुवातीची टोळी: पुढे लँड्सक्नेख्ट (तलवारबाज) आणि प्रोटेक्टर (ढालवाला), मागे मेडिक, अल्केमिस्ट आणि सर्व्हायव्हलिस्ट (तिरंदाज). शिवाय लाकूड-खनिजं गोळा करायला सर्व्हायव्हलिस्टांची एक वेगळी टोळी गावात ठेवा. सुरुवातीच्या पैशांची चणचण तिच्यामुळेच भागते. आणि परतीचा दोरा, म्हणजे अरियाडनीचा धागा, खिशात असल्याशिवाय गावाबाहेर पाऊल टाकू नका.