शून्य दिसलं तरी

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आलेख काल रात्रीच पाहिला. 6 केल्विनच्या (सुमारे उणे 267 अंश सेल्सिअसच्या) खाली सॅम्पलचा विद्युत रोध धाडकन शून्यावर आलाय. तुझा आनंद अक्षरातूनसुद्धा कळतो. तरी हा आलेख अजून कुणाला दाखवू नकोस. आधी सॅम्पलवरच्या चार तारांकडे परत जा.

बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा आणि आतल्या दोन तारांवर व्होल्टेज मोजायचं, म्हणजे कॉन्टॅक्टचा रोध हिशेबात येत नाही. ही युक्ती फार सुंदर आहे. पण थंड होताना स्फटिक आकसतो, त्याला केसाएवढी भेग पडते, प्रवाह दुसऱ्याच वाटेने जातो आणि आतल्या तारांच्या वाट्याला काहीच येत नाही. मीटर तेव्हाही शून्यच दाखवतो. विद्यार्थी असताना अशा एका शून्यापायी माझे तीन महिने गेले. अतिवाहकता, म्हणजे रोध खरोखरच शून्य होणं, वगैरे काही नव्हतं, सॅम्पलला भेग होती. म्हणून प्रवाहाच्या आणि व्होल्टेजच्या तारांची अदलाबदल करून पाहा. चुंबकीय क्षेत्र नसताना दोन्ही वेळा उत्तर एकच यायला हवं.

मग प्रवाह निम्मा कर. प्रवाह दुप्पट केला की सॅम्पलमधली उष्णता चौपट होते, आणि थर्मामीटर थोडा जरी लांब असला तरी त्याला त्याचा पत्ता लागत नाही. लॉक-इनची (ठरावीक वारंवारतेचाच संकेत टिपणाऱ्या उपकरणाची) वारंवारता 50 हर्ट्झ, म्हणजे घरच्या विजेची वारंवारता, आणि तिच्या पटींपासून दूर ठेव. 17 हर्ट्झ चालेल.

रोध घसरला एवढ्यावर अतिवाहक म्हणायचं नाही. 2023 मध्ये एलके-99 हा पदार्थ खोलीच्या तापमानालाच अतिवाहक असल्याचा दावा झाला आणि त्यावर जगभर गदारोळ झाला. त्यातली रोधाची उडी कॉपर सल्फाइडच्या अशुद्धीमुळे होती. कॉपर सल्फाइड साधारण 104 अंश सेल्सिअसला आपली रचना बदलतो. चुंबकीय क्षेत्र वाढवल्यावर तुझं संक्रमण, म्हणजे रोध शून्य होण्याची जागा, खालच्या तापमानाकडे सरकतं का, सॅम्पल क्षेत्राला बाहेर ढकलतं का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

या बाबतीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं बिस्मथचं काम मला फार मोलाचं वाटतं. बिस्मथमध्ये एक लाख अणूंमागे जेमतेम एक मोकळा इलेक्ट्रॉन. असा पदार्थ अतिवाहक होईल अशी अपेक्षा कुणी कशाला करेल? तिथल्या गटाने शुद्ध स्फटिक 1 मिलिकेल्विनच्याही खाली नेला आणि स्क्विडने (अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाने) त्याचं चुंबकन मोजलं. 0.53 मिलिकेल्विनला संक्रमण दिसलं. त्याचं क्रांतिक क्षेत्र, म्हणजे ज्याच्या वर अतिवाहकता मोडते ते चुंबकीय क्षेत्र, फक्त 5.2 मायक्रोटेस्ला. आता विचार कर, आपल्याकडे पृथ्वीचंच क्षेत्र सुमारे 40 मायक्रोटेस्ला आहे! चुंबकीय ढाल नीट नसती तर पृथ्वीनेच ती अवस्था मोडली असती आणि बिस्मथ साधा धातूच आहे असं सगळे म्हणत राहिले असते. जसं खोटं शून्य दिसू शकतं, तसं खरं शून्य हातून निसटूही शकतं. त्यांचा निबंध जानेवारी 2017 च्या 'सायन्स'मध्ये आहे. पहिल्यांदा वाचताना निष्कर्षांवर थांबू नकोस, मोजणी कशी केली तो भाग वाच.

सॅम्पल उतरवू नकोस. हीलियम आहे तोवर थंड होताना आणि गरम होताना, दोन्ही वाटांनी सावकाश मोज. तारांच्या प्रत्येक जोडीचा रोध तापमानासह वहीत लिही आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. कितीही उशीर झाला तरी मी जागा आहे.

तुझा,
सर