हायबोर्ड डायव्हिंगमध्ये मुलीचं करिअर होऊ शकतं का?

ताई, तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. नऊ वर्षांच्या मुलीला हायबोर्डमध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्म डायव्हिंगमध्ये, पुढे काही भवितव्य आहे का, ही एक. दुसरी अशी की ती पाच मीटरवरून रडत पायऱ्या उतरून आली, आणि सर म्हणतात की आत्ता भीती मोडली नाही तर कधीच मोडणार नाही, तेव्हा त्यांना तिला "थोडं ढकलू द्यावं" का. पहिल्याचं उत्तर देते, पण दुसरं वाचून माझं डोकं फिरलंय, त्यामुळे आधी तेच.

नाही. ढकलू देऊ नका. हाताने नाही, आणि "बाकीची मुलं बघ" असं म्हणूनही नाही.

मी सोलापूरची. या खेळात सोलापूरचं नाव काय आहे ते कुठल्याही जुन्या डायव्हरला विचारा. आमचे आप्पा यंत्रमागावर कामाला होते. डायव्हिंग म्हणजे काय हे त्यांना माझ्यामुळेच कळलं. भावकीत सगळ्यांचं एकच, "विहिरीत आम्ही पण सूर मारायचो, त्यात शिकायचं काय?" विहिरीच्या काठावरून मारलेला सूर वेगळा आणि दहा मीटरचा टॉवर वेगळा. वरून पाण्यापर्यंत जेमतेम दीड सेकंद लागतो आणि पाण्याला टेकताना वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. तेवढ्या वेळात अडीच-साडेतीन फेऱ्या पूर्ण करून, अंग सरळ करून, तळवे पाण्याकडे सपाट ठेवून आत घुसायचं. बरोबर घुसलात तर कागद टर्रकन फाटल्यासारखा आवाज येतो आणि पाणी उडत नाही. चुकलात तर काय होतं, ते सांगते.

मी नववीत असताना एका निवड शिबिराला गेले. शहराचं आणि सरांचं नाव घेत नाही. माझ्या डायव्हच्या यादीत डिफिकल्टी, म्हणजे काठिण्य, कमी पडत होती, म्हणून सरांनी ठरवलं की मी दहावरून रिव्हर्स अडीच, म्हणजे अडीच फेऱ्यांची रिव्हर्स डायव्ह, मारायची. रिव्हर्समध्ये तोंड पाण्याकडे असतं, उडी पुढे घ्यायची असते, पण फिरायचं मागे असतं, म्हणजे डोकं टॉवरच्या अंगाला येतं. पाचवरून माझी रिव्हर्स दीड पक्की होती. अडीच मी फक्त तीन मीटरच्या स्प्रिंगबोर्डवरून, म्हणजे उसळणाऱ्या फळीवरून, मारली होती, आणि तीही कशीबशी. मध्ये साडेसात मीटरचा प्लॅटफॉर्म होता, त्यावर कुणी मला चढवलंच नाही. वेळ नाही, म्हणाले.

दुपारची वेळ. वाऱ्याचं नाव नाही, पाणी इतकं स्थिर की वरून निळी फरशी दिसायची, पाण्याचा पृष्ठभाग कुठे आहे ते कळायचंच नाही. परदेशात त्यासाठी पाण्यावर फवारे सोडतात. आमच्याकडे तलावावरचे एक मामा बागेचा पाइप घेऊन कडेला उभे राहायचे आणि पाण्यावर धार मारायचे. त्या दिवशी मामा जेवायला गेले होते. मी शॅमीने, म्हणजे पाणी टिपायच्या छोट्या फडक्याने, पाय आणि मांड्या कोरड्या केल्या, शॅमी खाली टाकली आणि गेले. दोन फेऱ्या झाल्या, खालून सरांचा "आऊट!", म्हणजे आता अंग उघड असा इशारा, ऐकू आला आणि मी टक, म्हणजे गुडघे छातीशी आवळून केलेली गुंडाळी, उघडला. आवाज लवकर आला होता. डोळ्यांसमोर पाणी यायला हवं होतं, तिथे आभाळ आलं. पाठ सपाट पडली.

श्वास बंद होतो. वर येऊन तोंड उघडलं तरी हवा आत जात नाही. कडेला धरून होते तेव्हा पाठीवर काय झालंय ते मला दिसत नव्हतं, समोर बसलेल्या मुलींच्या चेहऱ्यावरून कळत होतं. सर आले, वाकले आणि म्हणाले, "लगेच वर जा. आत्ता नाही गेलीस तर मनात बसेल." मी गेले. टोकावर उभी राहिले. हात वर घेतले, खाली घेतले. परत वर घेतले. माझ्या अंगाला त्या फेऱ्या कुठे संपतात हेच आठवत नव्हतं. डायव्हर लोक याला "हरवणं" म्हणतात. मग मी वळले आणि पायऱ्यांनी खाली आले.

सगळ्यांसमोर सर म्हणाले, "पायऱ्यांनी उतरतो तो डायव्हर नसतो." यादीतून नाव गेलं. आप्पा मला न्यायला आले होते, त्यांनी फक्त माझी पिशवी उचलली आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले. गाडीत मला पाठ टेकून बसता येईना, तर स्वतःचा हात मध्ये धरून बसले.

सरांच्या त्या वाक्याला मला इतकी वर्षं उत्तर द्यायचं आहे, ते आज तुमच्या निमित्ताने देते.

आपल्या खेळाच्या नियमांतच थांबण्याची सोय आहे. स्पर्धेत डायव्ह सुरू केली आणि मध्येच थांबलात, तर प्रत्येक पंचाच्या गुणांतून दोन वजा होतात आणि पुन्हा सुरू करता येतं. दुसऱ्यांदा थांबलात तरच शून्य. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जी मुभा आहे, ती सरावात चौदा वर्षांच्या मुलीला का नसावी? १९८३ मध्ये एडमंटनच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोव्हिएत डायव्हर सर्गेई चालिबाश्विली रिव्हर्स साडेतीनमध्ये टॉवरवर आपटला आणि आठवड्याभराने गेला. अमेरिकेचा डायव्हर ग्रेग लुगॅनिस त्या स्पर्धेत होता. पुढे १९८८ ला सोलमध्ये लुगॅनिसने हीच डायव्ह शेवटी मारून सुवर्ण घेतलं, चीनच्या चौदा वर्षांच्या श्योंग नीपेक्षा फक्त १.१४ गुण जास्त. लोक दुसरी गोष्ट सांगतात, पहिली गाळतात.

आणि ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कॅमेऱ्यांचे फ्लॅश डोळ्यांवर आले, त्याने पंचांकडे तक्रार केली, त्याला पुन्हा संधी मिळाली आणि तो कांस्य जिंकला. पण त्या ट्विस्टच्या, म्हणजे अंगाला पीळ देत फिरायच्या, डायव्हची भीती त्याच्या मनात बसली ती बसलीच. त्याने काय केलं? ती सोडली. तिच्या जागी वेगळी डायव्ह बसवली आणि २०१७ ला बुडापेस्टमध्ये जगज्जेता झाला. आमच्या सरांच्या हिशेबात तोही डायव्हर नव्हे.

मला परत उभं केलं ते सोलापूरच्याच एका वयस्कर सरांनी. त्यांनी मला कित्येक महिने टॉवरवर चढूच दिलं नाही. गादीवर उड्या, ट्रॅम्पोलिनवर कमरेला बेल्ट बांधून रिव्हर्स, प्रत्येक फेरीला पाणी कुठे दिसतं ते तोंडाने मोठ्याने सांगायचं. तलाव दुरुस्तीला बंद झाला की वाळूत. तेव्हा त्यांनी सॅमी लीची गोष्ट सांगितली होती. कोरियन आईवडिलांचा हा अमेरिकन मुलगा. गोऱ्या नसलेल्यांना जवळच्या तलावात आठवड्यातून एकच दिवस प्रवेश होता, म्हणून प्रशिक्षकाने खड्डा खणून त्यात वाळू भरली आणि तो त्या वाळूत उड्या मारत शिकला. १९४८ आणि १९५२, दोन्ही ऑलिंपिकमध्ये प्लॅटफॉर्मचं सुवर्ण त्याचं. तर अशा वाळूतून मी परत पाचवर गेले, मग साडेसातवर, मग दहावर. रिव्हर्स अडीच बसली. ज्युनियर नॅशनलला हायबोर्डचं मेडल आलं, आणि पुढे स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागले. आज संध्याकाळी मुलांना शिकवते. माझी मुलं पायऱ्या उतरून आली की मी एवढंच विचारते, "कुठे हरवलं?" आणि ती नेमकं सांगतात. भीती दाबायला शिकवलेलं मूल ते सांगत नाही. पडतं तेव्हाच आपल्याला कळतं.

आता करिअर. डायव्हिंगवर घर चालेल असं समजून मुलीला यात घालू नका. नोकरी मिळू शकते. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सेनादलं डायव्हर घेतात, दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. लष्कराची पुण्यातली क्रीडा संस्था मुलांना लहानपणापासून घडवते, नॅशनलला सेनादलाची मुलं पुढे का असतात याचं ते कारण. पण आंतरराष्ट्रीय पातळीचं विचाराल, तर १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई खेळांत के. पी. ठक्कर यांनी स्प्रिंगबोर्ड आणि प्लॅटफॉर्म दोन्हींची सुवर्णं घेतली होती, आणि आज ऑलिंपिकच्या डायव्हिंगमध्ये भारतीय दिसून पिढ्या उलटल्यात. आपल्या मुलांत धाडस कमी नाही. दहा मीटरचे टॉवर मोजके आहेत, त्यातले बरेचदा बंद असतात, आणि पाण्याखालून हवेचे बुडबुडे सोडून नवी डायव्ह शिकताना मार कमी लागावा अशी यंत्रं तर मी आपल्याकडच्या तलावांवर पाहिली नाहीत. बेल्ट आणि ट्रॅम्पोलिन असलं तरी नशीब समजा.

चीनची उदाहरणं देऊन कुणी घाई करेल. फू मिंगशिया १९९१ ला बारा वर्षांची असताना जगज्जेती झाली, हे खरं. पण त्यानंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांना किमान वय चौदा ठेवावं लागलं, हे कुणी सांगत नाही. चीनचीच च्वान होंगचान टोकियो ऑलिंपिकमध्ये चौदाव्या वर्षी सुवर्ण जिंकली, त्यामागे लहानपणापासून कोरड्या जमिनीवर केलेली मेहनत आहे. तुमच्या मुलीने बाराव्या वर्षापर्यंत पाचच्या वर पाय ठेवला नाही तरी काही बिघडत नाही. एक आणि तीन मीटर, जिम्नॅस्टिक्स, हातांवर उभं राहणं, पायांची बोटं ताणलेली. एवढं पक्कं असलं की उंची आपोआप येते. आणि शाळा सोडायची नाही. सॅमी ली डॉक्टर होता, कानाचा, आणि ऑलिंपिक विजेताही.

सगळे सर असे नसतात, हेही लिहायला हवं. काही मुलं कंटाळून नाही म्हणतात, रोज एक मीटरवरच बसून राहतात, तिथे थोडा आग्रह चालतो. कंटाळा आणि हरवणं यांतला फरक चांगल्या सरांना मुलाच्या खांद्यांवरून कळतो. तुमचे सर कुठल्या जातकुळीतले हे मला इथे बसून कळणार नाही. फी भरायच्या आधी एक संध्याकाळ तलावाच्या कडेला बसा, एखादं मूल पायऱ्यांनी खाली येईपर्यंत थांबा, आणि सर त्याला काय म्हणतात ते ऐका. "काय झालं?" म्हणाले तर बिनधास्त ठेवा. बाकी काहीही म्हणाले तर दुसरा तलाव बघा, रोज लांब जावं लागलं तरी.

आणि मुलीला चष्म्याचा मोठा मायनस नंबर असेल, तर पाचवर जाण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या. कान वाहत असेल तर तो पूर्ण बरा होईपर्यंत पाण्यातच उतरवू नका.