वाचक विचारतात : मुंबईच्या वारसा इमारती

प्रश्न : नोकरीनिमित्त तीस वर्षे उच्च न्यायालय, राजाबाई टॉवर आणि सीएसएमटी यांच्यासमोरून ये-जा केली. या इमारती साधारण एकाच काळात कशा उभ्या राहिल्या? आणि ओव्हल मैदानाच्या पलीकडील साध्या राहत्या इमारतींना जागतिक वारशाचा मान का मिळाला?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपण उल्लेखिलेल्या इमारतींना जागा मिळाली ती एक मोठी जुनी वास्तू पाडल्यामुळे. इंग्रजांची मुंबई पूर्वी तटबंदीच्या आत दाटीवाटीने वसलेली होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६२ पासून पुढे, हा तट पाडून खंदक बुजवण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीवर सरकारी व सार्वजनिक इमारतींची रांग आखली गेली. तटाचा एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात अजून आहे. बाकी ‘फोर्ट’ आणि ‘चर्चगेट’ ही नावे तेवढी उरली. त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, त्यांनी इकडचा कापूस घेतला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा ओघ सुरू झाला. युद्ध संपताच अनेक पेढ्या बुडाल्या, कापसाच्या व्यापारातील अग्रणी प्रेमचंद रायचंद हेही त्यात होरपळले. तरीही त्यांच्या देणगीतून विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यांच्या आईच्या नावाचा सुमारे २८० फुटी राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याचे आराखडे करणारे जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नाही, परंतु मनोऱ्यावर कोरलेल्या मूर्ती मात्र पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांच्या माणसांच्या आहेत.

पुन्हा तिकडे गेलात, तर दोन-चार मिनिटे थांबून मान वर करून पाहा. सीएसएमटीच्या (बांधकामाचा आरंभ १८७८, वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स) प्रवेशद्वारी एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ आहे. आत मोर, माकडे, पाने-फुले आहेत, आणि या नक्षीकामात सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. शैली विलायतेची, दगड बराचसा इथला आणि छिन्नी चालवणारे हातही इथलेच; या इमारतींना ‘परक्या’ म्हणणे मला म्हणूनच पटत नाही.

ओव्हलच्या पश्चिमेकडील ओळ ही १९३०च्या दशकातील, समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवरची. सिमेंट काँक्रीट, गोलाई घेतलेल्या गॅलऱ्या, खिडक्यांवरचे लांब सरळ छज्जे, फाटकावर वळणदार अक्षरांत इमारतीचे नाव, ही तिची ओळख. मध्यमवर्गाच्या घराला संडास-न्हाणीघर घरातच असण्याची सोय येथे स्थिरावली, हे मला तिच्या सजावटीपेक्षा महत्त्वाचे वाटते. तिच्या टोकाशी १९३८ चे इरॉस चित्रपटगृह आहे. एका मैदानाच्या दोन बाजूंना दोन शतकांच्या शैली समोरासमोर उभ्या असल्याने युनेस्कोने २०१८ मध्ये या ९४ इमारतींचा एकत्रित समूह जागतिक वारशात घेतला. सीएसएमटीला तो मान २००४ मध्येच मिळाला होता.

प्रश्न : आमची गिरगावातील चाळ शंभरी ओलांडलेली आहे. ती वारसा यादीत येऊ शकेल का? मालक म्हणतात, यादीत आली तर खिळाही ठोकता येणार नाही.
– एक वाचक, गिरगाव

उत्तर : केवळ वयावर कोणतीही इमारत यादीत येत नाही. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली, तिच्यात सहाशेहून अधिक वास्तू व परिसर नोंदले गेले आणि त्यांच्या तीन श्रेणी ठरल्या. पहिल्या श्रेणीत मजबुतीसाठी आवश्यक असेल तेवढाच बदल करता येतो. दुसऱ्या श्रेणीत आतील बदलांना वाव असतो, बाहेरील रूपाला मात्र जपावे लागते. तिसरी श्रेणी एखाद्या वस्तीचे वळण किंवा तेथील राहणी दाखवणाऱ्या वास्तूंची, आणि तिच्यात आतले-बाहेरचे बदल साधारणपणे करता येतात. आपल्याजवळची खोताची वाडी एकेका घरासाठी नव्हे, तर संपूर्ण परिसर म्हणून नोंदली गेली. म्हणजे खिळ्याची भीती अनाठायी आहे.

खरी अडचण पैशाची आहे, आणि त्याबाबतीत मालकाचा आणि भाडेकरूंचा दोघांचाही विचार व्हायला हवा. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठवली, त्यामुळे रहिवासी टिकले. पण त्या भाड्यात दुरुस्ती निघणे अशक्य झाले, म्हणून १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापून उपकर लावावा लागला. आपली चाळ उपकरप्राप्त, म्हणजे हा उपकर लागू असलेली, असल्यास दुरुस्तीसाठी त्या मंडळाकडे अर्ज करता येईल.

यादीचे काय व्हायचे ते होवो, एक काम मात्र लगेच करा. भिंतीत गेलेल्या लाकडी तुळयांची टोके, विशेषतः संडास-मोऱ्यांच्या बाजूची, जाणकाराकडून टोचून पाहून घ्या. लाकूड कुजते ते बहुधा तेथूनच, आणि वरचा रंग चांगला असला तरी आतून ते भुसभुशीत झालेले असते. भिंत जुन्या चुन्याची असेल, तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवू देऊ नका. चुन्यातून पावसाळ्यातील ओल हळूहळू बाहेर पडते. सिमेंट ती आत कोंडून ठेवते, आणि मग वीट फुगून तिचे पोपडे सुटू लागतात. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आता कमी आहेत, पण आहेत. चार ठिकाणी विचारावे लागले तरी चुन्याचाच आग्रह धरा.