वाचकांचे प्रश्न : क्रेडिटं जमतात हो, अडतात ते रकाने

प्रश्न : ताई नमस्कार. मिस्टरांना कंपनीने न्यू जर्सीला पाठवलंय, आम्ही ऑगस्टमध्ये एडिसनजवळ शिफ्ट होतोय. मुलगी आत्ताच दहावी झाली, एसएससी बोर्ड, सेमी इंग्लिश, 86 टक्के. तिथल्या शाळेला मेल केला तर उत्तर आलं की ग्रॅज्युएशनला, म्हणजे तिथलं हायस्कूल पूर्ण व्हायला, 120 क्रेडिट लागतात, ट्रान्सक्रिप्ट पाठवा, काउन्सेलर बघतील. आता ट्रान्सक्रिप्ट नावाचं आमच्याकडे काही नाहीच, मार्कशीट आहे. दोन वर्षांत 120 कशी व्हायची? मोठ्या जाऊबाई म्हणतात सरळ परत दहावीत बसवा, वर्ष गेलं तर गेलं. रात्री झोप लागत नाही. – एक आई, नाशिक

उत्तर : अहो आधी झोपा. 120 च्या आकड्याला घाबरायचं काही कारण नाही. तिथे नववी ते बारावी ही चार वर्षं मिळून हायस्कूल, आणि मुलीची नववी-दहावी नाशिकला झाली म्हणून ती पाण्यात जात नाही, काउन्सेलर, म्हणजे शाळेतले विषय लावून देणारे मार्गदर्शक, त्याची क्रेडिटं लावून देतात. हिशोब साधा आहे. वर्षभर रोज एक तासिका चालणारा विषय म्हणजे साधारण 5 क्रेडिट, दिवसाला सात-आठ विषय धरले तर वर्षाला 35-40, म्हणजे अकरावी-बारावीतच सत्तरच्या वर होतात आणि उरलेली नाशिकची. बेरीज जमते.

अडतं ते रकान्यांत. राज्याची किमान यादी अशी आहे की इंग्लिश 20, गणित 15, सायन्स 15, सोशल स्टडीज 15, चित्रकला-संगीत-नाटक यातलं काहीतरी 5, परकी भाषा 5, करिअर-टेक्निकलचं काहीतरी 5, पैशाच्या व्यवहाराचं अडीच, आणि हेल्थ-पीटी जेवढी वर्षं शाळेत आहात त्या प्रत्येक वर्षाला पावणेचार. डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारं मंडळ, यावर स्वतःचं अजून काही चढवू शकतो. म्हणजे एखाद्या मुलाची एकूण 130 झाली आणि चित्रकलेचा रकाना रिकामा राहिला तर डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पास झाल्याचं सर्टिफिकेट, अडतो, आणि हे बारावीच्या फेब्रुवारीत लक्षात आलं की जी धावपळ होते ती मी बघितलीये.

तुमच्या केसमध्ये सगळ्यात मोठी अडचण अमेरिकेचा इतिहास. न्यू जर्सीत तो कायद्याने दोन वर्षं शिकावाच लागतो आणि नाशिकला तो कुणी शिकवलेला नाही. त्यामुळे अकरावीत एक आणि बारावीत एक असे दोन्ही कोर्स पहिल्याच दिवशी मागून घ्या. पहिल्या कोर्सला वर्गात दहावीची पोरं असतील, मुलगी नाक मुरडेल, मुरडू दे. सोशलमधली उरलेली 5 जागतिक इतिहासाची. तिथे तिचं दहावीचं इतिहासाचं पुस्तक घेऊन जा, त्यात पहिला धडाच पाश्चात्त्य इतिहासलेखनाचा आहे, काउन्सेलरला तेवढाच आधार. मानलं तर उत्तम, नाही मानलं तर उन्हाळ्यात करता येतं का ते विचारा. ‘ऑप्शन टू’ म्हणून एक सोय आहे, त्यात शाळेबाहेर केलेल्या कामाला, कोर्सला क्रेडिट मिळू शकतं, पण आधी लेखी परवानगी, मग कोर्स. उलटं केलंत तर फी गेली.

सायन्सचं असं की तिथे बायोलॉजी वेगळी, केमिस्ट्री वेगळी, फिजिक्स वेगळं, प्रत्येकी एक वर्ष, लॅबसकट. आपल्याकडे ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग एक, भाग दोन. हे कुठल्या रकान्यात टाकायचं हा काउन्सेलरला खराच प्रश्न पडतो, तो काही मुद्दाम त्रास देत नसतो. बायोलॉजी तर सक्तीची आहे. म्हणून तिचं सायन्सचं जर्नल, हो तेच, बाईंच्या सह्या असलेलं, रद्दीत देऊ नका, बॅगेत टाका. लॅब झाली याचा त्याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे सगळ्या वर्षांचे विषय आणि मार्क एकत्र दाखवणाऱ्या कागदाचं म्हणाल तर ते तुम्हीच बनवून घ्यायचं. नववीचा निकाल बोर्डाचा नसतो, शाळेचा असतो, त्यामुळे निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर, शिक्क्यासकट, इंग्रजीत लिहून घ्या की नववी आणि दहावीला कुठले विषय, आठवड्याला किती तासिका, मार्क किती. प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत. लिव्हिंग सर्टिफिकेट अर्थातच. जूनमध्ये शाळेत ॲडमिशनची गर्दी असते, क्लार्क उद्या या म्हणेल, चार वेळा जा. अमेरिकेत बसून हे कागद मागवणं फार त्रासाचं.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. आपले 86 तिथे सरळ ‘बी’ म्हणून लिहिले जाऊ शकतात, आणि एखाद्या विषयात 68 असतील तर ‘डी’सुद्धा, कारण तिथे नव्वदच्या वर ए असाच बऱ्याच ठिकाणी हिशोब. आपल्याकडे 75 ला डिस्टिंक्शन, 60 ला फर्स्ट क्लास, 35 ला पास. हे त्या पत्रातच दोन ओळीत लिहून घ्या. ही दोन वर्षं जीपीएत, म्हणजे सगळ्या ग्रेडच्या सरासरीत, धरणार की नुसतं पास म्हणून नोंदवणार हेही विचारा. शाळांच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, आणि मार्क कमी धरणार असतील तर नुसतं पास बरं.

गणितात आपली मुलं पुढे असतात हे खरं, पण त्या जोरावर प्रीकॅल्क्युलसला उडी मारायला लावू नका. दहावीपर्यंत वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, भूमिती, त्रिकोणमितीची सुरुवात हे सगळं झालेलं असतं, म्हणजे अल्जिब्रा वन आणि जॉमेट्री झालीच. पण लॉगॅरिदम, कॉम्प्लेक्स नंबर हे आपल्याकडे अकरावीत येतं आणि तिथे अल्जिब्रा टूमध्ये. ते भोक राहिलं की पुढे कॅल्क्युलसमध्ये दिसतं. अल्जिब्रा टू घ्या, फार सोपं गेलं तर वरच्या लेव्हलला हलवतात. आणि गंमत म्हणजे दहावीच्या बीजगणितात ‘अर्थनियोजन’ म्हणून धडा आहे ना, जीएसटी आणि शेअर्सचा, तो पैशाच्या व्यवहाराच्या अडीच क्रेडिटसाठी दाखवून बघायला हरकत नाही. मानतील असं मला वाटत नाही पण विचारायला काय जातं.

शिवाय अकरावीच्या मार्चमध्ये राज्याची इंग्लिश-गणिताची ग्रॅज्युएशनची परीक्षा असते. नाही निघाली तर बारावीत परत देता येते, एसएटीसारख्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचे मार्क चालतात, आणि शेवटी पोर्टफोलिओचा, म्हणजे केलेलं काम जमवून दाखवायचाही रस्ता आहे. तिच्या वर्षाला नेमके काय नियम आहेत ते काउन्सेलरकडून लेखी घ्या.

आता जाऊबाई. वीस वर्षांपर्यंत सरकारी शाळेत फुकट शिकता येतं, त्यामुळे परत दहावीत बसवणं शक्य आहे. पण 86 टक्केवाल्या मुलीला झालेलाच अभ्यास परत करायला लावणं मला पटत नाही. इंग्रजी बोलताना ती अगदीच अडखळत असेल आणि कॉलेजच्या तयारीला वेळ हवा असं तिला स्वतःला वाटत असेल, तरच विचार करा. तिला विचारलंत का? पत्रात तिचं मत कुठेच नाहीये.

आणि ऑगस्ट लागला की पहिल्या आठवड्यात गायडन्स ऑफिस, म्हणजे काउन्सेलरचं ऑफिस, गाठा. बाकी मुलांनी पुढच्या वर्षाचे विषय हिवाळ्यातच निवडलेले असतात, नवीन मुलाला उरलेल्या सीटा मिळतात.

प्रश्न : ताई, मी पुण्याहून सीबीएसई नववी करून आलो, आता इथे न्यू जर्सीत दहावीत आहे. मला ईएसएलला, म्हणजे इंग्लिश कच्चं असलेल्यांच्या वर्गाला टाकलंय!! मी पहिलीपासून इंग्लिश मीडियमला होतो. आणि स्पॅनिश घ्यायला सांगतायत, मला त्या तासाला कम्प्युटर सायन्स हवंय. मराठी येते ते चालत नाही का? – वैतागलेला

उत्तर : अरे वैतागू नकोस, हे तुझ्या इंग्लिशवर कोणी शंका घेतली म्हणून नाही झालं. ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये घरी कुठली भाषा बोलता असं विचारलेलं असतं, आईबाबांनी ‘मराठी’ लिहिलं (बरोबरच लिहिलं), की शाळेला तुझ्या इंग्लिशची तपासणी करावी लागते. त्या टेस्टमध्ये बोलण्याचाही भाग असतो, आणि आपली हुशार पोरं तिथे एका शब्दात उत्तर देऊन गप्प बसतात, जणू सरांनी उभं केलंय. स्कोअर बघायला माग, कुठे कमी पडले ते बघ, परत तपासायला सांग आणि त्या वेळी मोकळेपणाने चार वाक्यं बोल.

मराठीचं चालतं, अर्धं. राज्याची परकी भाषेची 5 क्रेडिट भाषा येते हे सिद्ध करूनही भागतात, आणि लागणारी पातळीही फार वरची नाही, तुझ्यासाठी तर हातचा मळ. डिस्ट्रिक्ट मराठीसाठी कुठली टेस्ट मान्य करतो ते लँग्वेज डिपार्टमेंटला विचार, काउन्सेलरला माहीत नसण्याची शक्यता जास्त. वाचायला-लिहायलाही लागू शकतं, तेव्हा देवनागरी विसरला असशील तर आजीला रोज एक पत्र लिही.

पण कॉलेजचं वेगळं. न्यू जर्सीच्या रटगर्ससारखी युनिव्हर्सिटी बऱ्याच शाखांना परकी भाषेची दोन वर्षं मागते, त्यामुळे टेस्ट देऊन शाळेचं भागलं तरी कॉलेजला मराठीचा तो स्कोअर चालतो का हे ॲडमिशन ऑफिसला मेल करून विचार, मगच स्पॅनिश सोड. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर केमिस्ट्री, फिजिक्स आणि चार वर्षं गणित हे कम्प्युटर सायन्सच्या आधी बसव. एपी (हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) कम्प्युटर सायन्स अकरावीत घेतलंस तरी काही बिघडत नाही.

प्रश्न : नातू अमेरिकेत अकरावीला आहे. सायन्स साइड घेतली की कॉमर्स, विचारलं तर हसतो. तिथे साइड कधी निवडतात? – आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, तिथे साइडच नसते. एकच मुलगा सकाळी फिजिक्स करतो, दुपारी अकाउंटिंग आणि मधल्या तासाला मातीची भांडी, आणि तीनही मार्कशीटवर येतात. यापुढे फोनवर ‘यावर्षी काय काय घेतलंयस रे’ असं विचारा, अर्धा तास बोलेल.